मराठवाड्यात जुन्या मठाला लागून असलेली ऐतिहासिक बाग कुठे आहे? आई-वडील सोबत आहेत, अर्धाच दिवस हाताशी आहे.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. शाळेच्या सहलीत बघून 'त्यात काय, एक हौद' म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका.

हा मूळचा बाबा शाह मुसाफिर यांचा खानकाह, म्हणजे सूफींचा मठ. बाबा बुखाऱ्याजवळच्या घिजदवानहून इकडे आलेले, नक्शबंदी या सूफी परंपरेतले. त्यांची कबर आवारातच आहे. फुलांचे ताटवे बघायला जाल तर निराश व्हाल. इथे बघायचं ते पाणी. काही कोस लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी आणलंय. झरा उंचावर आणि नळ बंद, त्यामुळे पाणी शेवटी भिंतीतून आपोआप वर चढतं आणि धबधब्यासारखं हौदात कोसळतं. मोटार नाही, पंप नाही! त्याच पाण्याच्या माऱ्यावर खालचं पात्यांचं चाक फिरायचं, त्याबरोबर जात्याची वरची तळी, आणि मठातल्या फकिरांचं नि वाटसरूंचं पीठ दळून निघायचं. मला विचाराल तर शहरातल्या बीबी का मकबऱ्यापेक्षा इथली अक्कल मोठी. (मकबरावाले रागावतील, रागावू देत.)

हौदाखाली एक दालन आहे. हौदाचा तळ म्हणजेच त्याचं छत, त्यामुळे मे महिन्यातही आत गारवा असतो. आई-वडिलांना उन्हाचा त्रास होत असेल तर आधी तिथे न्या, नाहीतर वडाच्या सावलीत बसवा. मोठा वड आहे, बसायलाही जागा आहे. शक्यतो पावसाळा संपल्यावर जा, तेव्हा पाण्याला जोर असतो. दर्ग्यात जाताना चपला बाहेर आणि डोक्यावर रुमाल किंवा पदर, एवढं सांभाळा.

वेळ उरलाच तर खुलताबादला बनी बेगमची बाग आहे. मधोमध तिची कबर, भोवती चौकोनी आखणी, आणि गर्दी जवळपास नाहीच. गावातल्या दर्ग्यांमुळे तिथेही सूफींचा वारसा आहेच, औरंगजेबाची साधी कबरसुद्धा सूफी संत जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात आहे. पण दोन्ही ठिकाणं अर्ध्या दिवसात कोंबायची तर दौलताबादचा किल्ला वाटेवरूनच बघून घ्या, वयस्कांना तो चढवत नेऊ नका. आणि श्रावणातला शनिवार टाळा. खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघालेल्यांनी रस्ता भरलेला असतो.