थिन क्लायंट बसवण्याआधी: वीज, डिस्क आणि लाइन

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले 30 जुने संगणक काढून थिन क्लायंट (सर्व्हरवर चालणारा डेस्कटॉप फक्त दाखवणारे छोटे डबे) आणि एक सर्व्हर बसवायचं ठरतंय. विक्रेत्याने 3 केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आणि 8 बॅटऱ्या असं कोटेशन दिलंय. आमच्याकडे लाइट दिवसातून दोन-तीनदा जाते, कधी दीड तास येत नाही. एवढ्यावर भागेल का? – एक वाचक, सांगोला

उत्तर: यूपीएस पुरेल. बॅटऱ्यांबद्दल मात्र कोटेशनमधली महत्त्वाची गोष्टच गाळली आहे: बॅटरी किती एएचची (अँपिअर-तासांची), ते लिहिलेलं नाही.

आधी लोड मोजू. थिन क्लायंटचे 15 वॅट आणि मॉनिटरचे 25, म्हणजे टेबलामागे 40. 30 टेबलांचे 1200. सर्व्हरला 400 आणि नेटवर्कच्या स्विच-राउटरला 50 धरले की झाले 1650 वॅट. 0.8 पॉवर फॅक्टरचा, म्हणजे केव्हीएच्या 80 टक्के वॅट देणारा, 3 केव्हीए यूपीएस 2400 वॅट देतो, त्यामुळे तो सत्तर टक्क्यांच्या आत चालेल. यापुढे त्यावर काही चढवू नका, लेझर प्रिंटर तर मुळीच नाही. त्याचा हीटर तापताना क्षणात हजार वॅटच्या आसपास ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड दाखवून बंद पडतो.

12 व्होल्टच्या 8 बॅटऱ्या 65 एएचच्या असल्या, तर कागदावर 6240 वॅट-तास होतात. एवढ्या लोडवर बॅटरी साधारण दोन-तृतीयांशच देते, त्यातलं दहा-बारा टक्के यूपीएस स्वतः खातो. हातात उरतात नव्या बॅटऱ्यांवर दोन तास. दोन-तीन वर्षांनी दीड. त्याच जागी 26 एएचच्या बसवल्या, तर पाऊण तासही कठीण. चार्जरही विचारून घ्या. काही यूपीएसचा आतला चार्जर 1 अँपिअरचा असतो. 65 एएचची बॅटरी त्यावर भरायला अडीच-तीन दिवस लागतील आणि तुमच्याकडे तोवर लाइट पाच-सहा वेळा गेलेली असेल. 6 ते 7 अँपिअरचा चार्जर लेखी मागा.

आमचं मत विचाराल तर एकच मोठा यूपीएस घेऊच नका. टेबलं बंद पडली तरी विद्यार्थ्याचं काम सर्व्हरवर जसंच्या तसं उघडं राहतं. लाइट आल्यावर लॉग-इन केलं की तिथूनच पुढे. सर्व्हर पडला, तर मात्र तिसांचं काम एकदम जातं. म्हणून सर्व्हर आणि सगळे स्विच 1 केव्हीएच्या वेगळ्या यूपीएसवर घ्या. 36 व्होल्टचा घेतला तर 65 एएचच्या 3 बॅटऱ्यांवर 450 वॅटचा लोड सुमारे तीन तास चालतो. टेबलांना 72 व्होल्टचा 2 केव्हीए आणि 42 एएचच्या 6 बॅटऱ्या दिल्या की सव्वा तास मिळतो. सर्व्हरच्या यूपीएसची केबल सर्व्हरला जोडा आणि बॅटरी 30 टक्क्यांवर आली की आधी सर्व्हरवर चालणारे आभासी डेस्कटॉप, मग सर्व्हर आपोआप बंद होईल असं सेटिंग करा. हे सगळं बंद व्हायला दहा मिनिटं सहज लागतात. परीक्षेआधी एकदा मेन स्विच खाली ओढून ते खरोखर घडतंय का, पाहा.

आता अर्थिंग. लोड चालू असताना सर्व्हरच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजा. 2 व्होल्टच्या आत हवा; 3 च्या वर गेला तर खरेदी थांबवून वायरमनला बोलवा. न्यूट्रलचा सांधा सैल असतो, तार बारीक असते, नाहीतर तिन्ही फेजवरचा लोड असमान वाटलेला असतो. अर्थ टेस्टरवर अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 5 ओहमच्या आत, शक्यतो 2 च्या खाली असावा. एक गोष्ट कळकळीने सांगतो: न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज खाली आणण्यासाठी काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. मीटर शून्य दाखवतो खरा, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की संगणकाच्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतात. कुणी तसं केलं असेल तर ते आजच काढून टाका.

प्रश्न: 40 डेस्कटॉप एका सर्व्हरवर आहेत. 32 कोर, 384 जीबी रॅम, 4 हार्ड डिस्क रेड 5 मध्ये (एक डिस्क बिघडली तरी माहिती वाचेल अशा एकत्र जोडलेल्या). सकाळी दहाला सगळे आले की लॉग-इनला दहा मिनिटं लागतात, अकरानंतर सुरळीत. रॅम वाढवावी का? – एका पतसंस्थेचे व्यवस्थापक

उत्तर: नको. डेस्कटॉपला 8 जीबी धरले तरी 320 होतात, कोरही पुरून उरतात. अडतंय ते डिस्कपाशी. 7200 आरपीएमची एक हार्ड डिस्क सेकंदाला 75 ते 100 वाचन-लेखनं करते, म्हणजे चार मिळून फार तर 400. रेड 5 मध्ये लिहिण्याच्या प्रत्येक कामाला डिस्कवर चार कामं पडतात, ते वेगळंच. सुरू होणारा एक विंडोज डेस्कटॉप सेकंदाला दोनशेच्या घरात मागतो. 40 एकदम उठले की मागणी आठ हजार.

4 एंटरप्राइझ एसएसडी रेड 10 मध्ये (डिस्कच्या जुळ्या प्रती ठेवणाऱ्या जोडणीत) लावा. घरगुती एसएसडी स्वस्त पडते, पण तिची कॅश (तात्पुरती साठवण) भरली की वेग कोसळतो आणि वीज गेली की कॅशमधलं लिखाण हरवू शकतं. एंटरप्राइझ एसएसडीत त्यासाठी वीज गेल्यावर क्षणभर पुरवठा देणारे कपॅसिटर असतात, ते आहेत की नाही हे पाहूनच घ्या. डिस्क येईपर्यंत सव्वानऊपासून पाच-पाच डेस्कटॉप चार मिनिटांच्या अंतराने आपोआप सुरू करा. अँटिव्हायरसचं स्कॅन दुपारच्या सुट्टीत ठेवा.

प्रश्न: शाखेतून मुख्य कार्यालयातल्या डेस्कटॉपवर लॉग-इन होतं, पण पडदा काळाच राहतो. इंटरनेटची लाइन 50 एमबीपीएसची आहे. वेग वाढवून घ्यावा का?

उत्तर: शाखेत पाच टेबलं धरली तरी ऑफिसकामाला दीड-दोन एमबीपीएस पुरतात, वेगाचा दोष नाही. बहुधा व्हीपीएनमध्ये (शाखा आणि मुख्य कार्यालय जोडणाऱ्या खासगी वाटेत) मोठी पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, अडकताहेत. लॉग-इनची छोटी पॅकेट निघून जातात, पडद्याचं चित्र घेऊन येणारी मोठी पॅकेट गळतात. पीपीपीओई लाइनचा (यूजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या ब्रॉडबँडचा) एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, 1492 बाइट असतो, व्हीपीएनच्या आत आणखी कमी. राउटरवर टीसीपीचा एमएसएस (पॅकेटमधल्या मजकुराचा कमाल आकार) 1360 करून पाहा. नंतर कामाच्या वेळेत अर्धा तास मुख्य कार्यालयाकडे पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारं छोटं पॅकेट) चालू ठेवा: उत्तर 100 मिलिसेकंदांच्या आत आणि एकही पॅकेट न गळता यायला हवं. वेग भरपूर असला तरी शेकडा एक गळती टायपिंग अडखळवते.

दुसरी लाइन घेणार असाल तर सिमवरची घ्या. दोन कंपन्यांच्या फायबर एकाच चरातून गेलेल्या असतात आणि जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. सिमच्या लाइनला बहुतेकदा स्वतःचा सार्वजनिक (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा) पत्ता नसतो, म्हणून व्हीपीएनची जोडणी शाखेकडून सुरू व्हावी, मुख्य कार्यालयाकडून नाही. आणि 3389 हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवला असेल, तर हे वाचून होताच बंद करा.

प्रश्न: नेटवर्कची केबल कॅट 6 दर्जाची आहे असं दुकानदार म्हणतो. ओळखायची कशी?

उत्तर: तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, परत करा. ते वाकवलं की तुटतं आणि सांधे वर्षभरात सैल होतात. पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांच्या छोट्या केबल) धरून एकूण लांबी 100 मीटरच्या आत ठेवा. 30 टेबलांची लॅब असेल तर 24 पोर्टचे दोन स्विच लागतील. त्यांच्यामधली जोडणी गिगाबिट पोर्टवरच करा आणि लूप प्रोटेक्शन चालू ठेवा, कारण कुणी एकाच कॉर्डची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटांत खुपसली की सगळी लॅब थांबते.