ब्रेक्झिटनंतर शुल्क शून्य, मग ब्रिटनचं नुकसान कसं?

"करारात शुल्क नाही, तर ब्रेक्झिटचा फटका बसला कुठं?" असं विचारलंय. ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं, आणि करार म्हणजे त्यानंतर दोघांत झालेला व्यापार करार. मी वरूडकडचा संत्रा उत्पादक. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं तेव्हा इकडं भाव कसे पडले ते पाहिलंय, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

ब्रिटनचं अडलं ते कागदांत. १ जानेवारी २०२१ पासून युरोपात मासळी किंवा मांस पाठवायचं तर आरोग्य दाखला, सीमाशुल्काचे अर्ज, वर तपासणी. ताजी मासळी वाटेत अडकली की भाव गेला. आंबिया बहाराचा (संत्र्याच्या एका हंगामाचा) माल ट्रकमध्ये दोन दिवस जास्त राहिला की आमचं होतं तसंच. मोठ्या कंपन्यांनी कागदपत्रांसाठी माणसं नेमली. कित्येक लहान निर्यातदारांनी युरोपला माल पाठवणंच सोडलं, आणि मला तेच सगळ्यात वाईट वाटतं. संघात राहिलं असतं त्यापेक्षा दीर्घकाळात ब्रिटनची उत्पादकता सुमारे ४ टक्के कमी राहील, असा तिथल्याच सरकारी अर्थसंकल्पीय संस्थेचा अंदाज आहे.

राजकारणही हललं. २०१६ च्या सार्वमतात बाहेर पडण्याच्या बाजूनं जेमतेम ५२ टक्के मतं होती. त्यानंतर २०२२ पर्यंत कॅमेरॉन, मे, जॉन्सन, ट्रस असे चार पंतप्रधान पायउतार झाले.