बाबांच्या हातात माउस देताना

सोलापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बाबा रिटायर झाले, दुपारभर नुसते बसून असतात, आणि सुट्टीत तू स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा कॉम्प्युटर गेम खेळत होतास तेव्हा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. ‘हे काय पेरलंयस?’ असं विचारलं. आता तू मला विचारतोयस, या वयात त्यांना हे शिकवावं का आणि कसं.

शिकवावं. मी साठी ओलांडल्यावर या खेळांच्या प्रेमात पडले, त्यामुळे यात मला शंकाच नाही. कसं शिकवायचं ते मात्र सावकाश वाच. तुझी घाई मला आठवीपासून माहीत आहे.

सुरुवात स्टारड्यूनेच कर. सिम्स ४ हा घर-संसार चालवण्याचा गेम आता फुकट मिळतो आणि मला तो आवडतोही. सिम्स बनवणाऱ्या विल राइटचं घर १९९१ च्या अमेरिकेतल्या ओकलंडच्या वणव्यात जळालं, संसार पुन्हा उभा करताना माणसाला नेमकं काय काय लागतं याचा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला, आणि त्यातून २००० साली पहिला सिम्स आला. पण त्यात पहिल्याच दिवशी इतकी बटणं आणि इतके पर्याय समोर येतात की नवखा माणूस दमतो. ॲनिमल क्रॉसिंग या तशाच निवांत गेमसाठी निन्टेन्डोचं वेगळं यंत्र घ्यावं लागेल. आणि मोबाईलवरची ती फुकटातली शेतीची ॲप त्यांना अजिबात देऊ नकोस. त्यातलं पीक खऱ्या घड्याळावर पिकतं, फोन सारखा हाका मारतो, आणि थांबवत नसेल तर पैसे मागतो. सगळी उमर कारखान्याच्या भोंग्यावर उठलेल्या माणसाच्या खिशात पुन्हा भोंगा कशाला? स्टारड्यू एकदा विकत घेतला की झालं, नंतरची सगळी भर फुकट येते. तो एरिक बरोन नावाच्या एकट्या तरुणाने चार-साडेचार वर्षं खपून केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रामही त्याचा. २०१६ साली बाहेर आला. हे बाबांना जरूर सांग. एकट्या माणसाने मन लावून केलेल्या कामाची किंमत त्यांच्यासारख्या मागांवरच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला कळते.

आता तुझ्याबद्दल. कुठल्या पिकात किती नफा, स्ट्रॉबेरीचं बी कुठल्या जत्रेत घ्यायचं, पहिल्या वर्षात किती कमाई व्हायला हवी, याचे तक्ते तुझ्याकडे असणार. ते त्यांना दाखवू नकोस. पाळीला किती नग निघाले, किती माग बंद राहिले, यावर त्यांचं सगळं आयुष्य मोजलं गेलं. इथे त्यांना न मोजता काम करू दे. गेममध्ये पहिल्या दिवशी सरपंच पार्सनिपच्या, म्हणजे गाजरासारख्या एका कंदाच्या, पंधरा बिया देतो. त्या त्यांनी वाकड्यातिकड्या ओळीत लावल्या तरी गप्प बस.

तुमचं मूळ गाव मंगळवेढ्याकडचं. मालदांडी ज्वारी पावसाळा सरता सरता पेरायची आणि काळ्या रानाच्या ओलीवर काढायची, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं आहे. गेममध्ये रोज झारीने पाणी घालावं लागतं. ‘ही कसली शेती?’ असं ते म्हणतीलच. म्हणू दे, वाद घालू दे. पाऊस पडला की त्या दिवशी पाणी घालायचं नाही, आणि अठ्ठावीस दिवसांचा हंगाम उलटला की त्या हंगामाचं पीक जळून जातं, हे तुझ्याआधी त्यांच्याच लक्षात येईल. तिथून खेळ त्यांचा झाला.

माउस त्यांच्या हातातून घेऊ नकोस. वर्गात मी एकच नियम पाळला: मुलाच्या हातातला खडू काढून घ्यायचा नाही. दोन सोयी मात्र आधी करून ठेव. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं आणि चित्र मोठं कर, कारण चाळिशीच्या चष्म्यातून ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. आणि मासेमारीने ते वैतागले तर शिकाऊ गळ विकत घ्यायला सांग. त्यावर साधेच मासे लागतात, पण जमतं. खाणीतल्या मारामारीत त्यांना रस नसेल तर तिकडे नेऊच नकोस. आणि गेममध्ये मराठी नाही, म्हणून इंग्रजी संवाद लागतील तिथे वाचून दाखव, फक्त भराभर पुढे सरकवू नकोस.

गेममधल्या गावात जॉर्ज नावाचा म्हातारा आहे. पूर्वी खाणीत कामाला होता, तिथल्या स्फोटात जखमी झाला आणि चाकाच्या खुर्चीवर आला. सुरुवातीला धड बोलत नाही. त्याला लीक फार आवडतो, कांद्याच्या पातीच्या जातीची ती भाजी वसंतात रानात आपोआप उगवते. नेऊन देत राहिलं की तो हळूहळू उलगडतो. मला या खेळाचं वेड लागलं ते इथे, शेतीत नव्हे. कुणाचा वाढदिवस कधी, कुणाला काय आवडतं हे लक्षात ठेवायचं आणि आठवणीने नेऊन द्यायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या रोजच्या दिवसातून एवढंच हरवलं होतं. बाबांचा जॉर्ज दुसराच कुणी असेल. तो त्यांना सापडू दे, तू नाव सुचवू नकोस.

शेजारपाजारचे ‘या वयात गेम?’ म्हणतील. हुतात्मा बागेत पत्ते खेळत बसलेल्यांना तसं कुणी विचारत नाही. घरात तू मात्र कौतुकाने हसू नकोस, लहान मुलाचं करतो तसं तर मुळीच नको. जेवताना सरळ विचार, आज काय लावलं?

काही महिन्यांनी त्यांनी स्वतःहून विषय काढला तर दोघांनी मिळून खेळा. कॉम्प्युटरवर ते जमतं. तू पुण्यातून आणि ते इथून एकाच शेतावर राबू शकता, फक्त त्यांच्या रानात तुझ्यासाठी एक झोपडी बांधावी लागते. शेत त्यांच्या नावावर ठेव. आणि लक्षात असू दे, एकत्र खेळताना सगळे झोपायला गेल्याशिवाय दिवस संपत नाही. रात्री दोनला मात्र माणूस उभ्या जागी कोसळतो. ते झोपायला निघाले की तूही नीघ, ‘थांबा, माझं एवढं उरकू द्या’ असं म्हणू नकोस.

दिवाळीला येताना जुना लॅपटॉप आणणार आहेस ना? त्याबरोबर वेगळा माउस आण, जरा मोठा. मागावर काम केलेल्या बोटांना टचपॅड जमत नाही. आणि एक दिवस त्यांना घेऊन माझ्याकडे ये. माझं शेत त्यांना दाखवायचं आहे.

तुझ्या बाई