अवयव ठाऊक नसताना ‘संयुक्त’ कशी?

कोथरूडच्या एका आजींनी नातवाच्या प्रकल्पवहीतलं वाक्य पाठवलंय : ‘ही संख्या संयुक्त आहे हे १८७६ मध्ये ठरलं, पण तिचे अवयव १९०३ मध्ये पाडले गेले.’ त्यांची सून हिंदी माध्यमातून शिकलेली. ती म्हणते, ‘संयुक्त’ काय, ‘भाज्य’ लिहा. आजींची शंका वेगळी आहे : कशाकशाची मिळून झाली हेच ठाऊक नाही, तर तिला संयुक्त म्हणायचं कशाच्या जोरावर?

सूनबाईंचं आधी. हिंदीत भाज्य-अभाज्य चालतं, पण मराठीत ‘भाज्य’ ही जागा आधीच भरलेली आहे. १७ ला ५ ने भागा : १७ भाज्य, ५ भाजक, भागाकार ३, बाकी २. म्हणजे १७ भाज्यही आणि मूळ संख्याही! ‘विभाज्य’ तर तिसरंच, ५, १०, १५ या ५ च्या विभाज्य संख्या. तेव्हा बालभारतीच्या पुस्तकांतला ‘संयुक्त’च बरा. (त्यातही एक खोच आहे. संयुक्त म्हणजे जोडलेली. ७ आणि ४ जोडून ११ होतात, तरी ११ मूळच. इथली जोडणी गुणाकाराची, आणि ते शब्दात कुठेच दिसत नाही.)

आता आजींची शंका. ती शब्दाची कमी नि गणिताची जास्त आहे. ९१ घ्या. बरीच मुलं ती मूळ समजतात, कारण तेराचा पाढा सातव्या ओळीपर्यंत पाठ नसतो. पण पाढा न येताही तिला पकडता येतं. २ सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या; तिच्याहून एकने कमी इतक्या वेळा २ चा गुणाकार करा आणि त्याला त्या संख्येने भागा, बाकी १ च उरते. ९१ साठी २ चा ९० वा घात घेतला तर बाकी उरते ६४. झालं, ९१ मूळ नाही; आणि ७ किंवा १३ चं नावही आपण घेतलं नाही.

वहीतली संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १ : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. लीलावतीतली दशमान नावं परार्धाला संपतात. ही भरते १,४७५ परार्धांच्या वर. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये हिला मूळ संख्यांच्या यादीत बसवलं होतं. वर सांगितलेल्या २ च्या कसोटीला मात्र ही दाद देत नाही, बाकी १ च येते (मूळ संख्येला बाकी १ उरतेच, पण १ उरली म्हणजे संख्या मूळच, असं नाही). फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्ये वेगळी, स्वतःची कसोटी लावून ती मूळ नाही असं दाखवलं. अवयव हाती नव्हतेच. मग १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उठले, फळ्यावर १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ करून दाखवलं आणि, सांगतात की, अवाक्षर न बोलता जागेवर जाऊन बसले.

म्हणून वाक्य बरोबर आहे, ‘ठरलं’ हे क्रियापद तर नेमकंच. संख्या संयुक्त होतीच, १८७६ मध्ये ते ठरलं एवढंच.

‘पाडणे’बद्दल त्यांनी विचारलं नाही, पण राहवत नाही. ‘कोलने अवयव पाडले’ हे एकटं वाचलं तर पोलिसांच्या बातमीसारखं वाटतं खरं! तर्काने ‘काढले’ जास्त सरळ, कारण ते आत होतेच. तरी फोडी पाडाव्यात तसे अवयव पाडतच आपण दहावी झालो, मी काही ते सोडणार नाही.

वहीत पुढे ‘हिचे विभाजक दोन’ असं लिहिलंय, ते मात्र खोडायला सांगा. मूळ अवयव दोन. विभाजक चार : १, ती दोघं, आणि संख्या स्वतः.