वानखेडे : फलंदाजांचे की गोलंदाजांचे?

प्रश्न : मुंबईच्या वानखेडे स्टेडियमला फलंदाजांचे नंदनवन म्हणतात. मग तेथेच एजाझ पटेलला एका डावात दहा बळी कसे मिळाले?

उत्तर : ही ख्याती मुख्यतः मर्यादित षटकांच्या सामन्यांनी दिलेली आहे आणि कसोटीचा इतिहास पाहिल्यास ती अपुरी ठरते. येथील खेळपट्टी परंपरेने लाल मातीची आहे. तिच्यावर चेंडू चांगली उसळी घेऊन बॅटवर येतो, म्हणून फटके मारणे सोपे जाते. परंतु उन्हाने पृष्ठभाग सुटू लागला, की तीच उसळी फिरकी गोलंदाजाच्या कामी येते, कारण वळणारा चेंडू खाली न राहता बॅटची कड किंवा हातमोजा घेऊन जवळच्या क्षेत्ररक्षकाकडे उडतो.

मुंबईतच जन्मलेल्या फिरकी गोलंदाज पटेलने डिसेंबर २०२१ मध्ये न्यूझीलंडकडून खेळताना ११९ धावांत १० बळी घेतले. जिम लेकर (१९५६) आणि अनिल कुंबळे (१९९९) यांच्यानंतर कसोटीत हा पराक्रम करणारा तो तिसराच गोलंदाज. तरीही त्याचा संघ पहिल्या डावात ६२ धावांत गारद झाला आणि भारताने सामना ३७२ धावांनी जिंकला, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही. त्याची भरपाई २०२४ मध्ये झाली : पटेलने सामन्यात ११ बळी घेतले आणि १४७ धावांचे लक्ष्य असलेला भारत १२१ धावांत बाद झाला. वेगवान गोलंदाजांनाही हे मैदान फळलेले आहे. इंग्लंडच्या इयान बोथमने १९८० च्या कसोटीत शतक झळकावले आणि १३ बळीही घेतले. अष्टपैलू कामगिरीचा याहून मोठा नमुना येथे झाला नाही, असे माझे मत आहे.

एकदिवसीय सामन्यांतही चित्र एकेरी नाही. दक्षिण आफ्रिकेने २०१५ मध्ये येथे तीन शतकांच्या बळावर ४ बाद ४३८ धावा केल्या, तर २ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकात प्रकाशझोतात नवा चेंडू हलू लागताच श्रीलंकेचा डाव ५५ धावांत आटोपला. त्यानंतर पाचच दिवसांनी अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ झाली असताना ग्लेन मॅक्सवेलने नाबाद २०१ धावा करून सामना जिंकून दिला.

प्रश्न : ब्रेबॉर्न स्टेडियम हाकेच्या अंतरावर असताना वानखेडे का बांधले?

उत्तर : ब्रेबॉर्न हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तेथील सामन्यांच्या आसनवाटपावरून क्लब आणि तेव्हाची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात वाद विकोपाला गेला, तेव्हा असोसिएशनचे प्रमुख शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र मैदानाचा निर्धार केला. जानेवारी १९७५ मध्ये येथे पहिली कसोटी झाली. तीत वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या आणि मन्सूर अली खान पतौडी यांचा तो अखेरचा कसोटी सामना ठरला.