लॅटिनमधल्या 'फेरो' या क्रियापदाची रूपं फेरो (वर्तमान), तुली (भूत), लातुम (धातुसाधित) अशी विचित्र का? ती पाठ कशी करावीत?

मराठीतलं 'जातो' आणि 'गेला' शेजारी ठेवून बघा. 'जा'मध्ये 'गे' कुठून आला, हे आपण कधी विचारतो का? संस्कृतात 'या' आणि 'गम्' हे दोन धातू; मराठीनं वर्तमानकाळ एकाचा घेतला, भूतकाळ दुसऱ्याचा. फेरोचंही तेच झालंय. 'फेरो' म्हणजे वाहून नेतो, संस्कृत 'भरामि'चं भावंड. 'तुली' मुळात 'तोल्लो'चं, म्हणजे उचलण्याचं. आपली तुला आणि तोलणं त्याच घरातलं. जुन्या लॅटिनमध्ये ते 'तेतुली' होतं, 'भरामि'च्या भूतकाळातल्या 'बभार'सारखं, सुरुवातीचं अक्षर दोनदा आलेलं. 'लातुम' आधी 'त्लातुम' होतं, सुरुवातीचा त गळाला. म्हणजे घरं तीन नाहीत, दोनच.

भावंड म्हटलंय, लेक नाही. यावरूनच माझं आणि मामाचं गेली बारा वर्षं जमत नाही. मामा संस्कृतचा शिक्षक. मी लॅटिन शिकायला लागलेय हे त्याला मावसबहिणीच्या लग्नात, पंगतीत कळलं. "फेरो म्हणजे आपलं भरामिच, बिघडलेलं. विल्यम जोन्सनं १७८६ सालीच कबूल केलंय, संस्कृत लॅटिनपेक्षा समृद्ध आहे म्हणून!" जोन्स म्हणजे कलकत्त्यातला इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृतचा अभ्यासक; तो पुढे असंही म्हणाला की या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलंही नसेल. मामाचा जोन्स मात्र नेहमी अर्ध्यावर थांबतो.

मी मठ्ठ्याची वाटी बाजूला सारली आणि पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं: भरामि–फेरो, अष्टौ–ओक्तो (आठ), अजामि–अगो (हाकतो). "आपल्याकडे तिन्ही ठिकाणी अ. लॅटिनमध्ये ए, ओ, अ. ग्रीकमध्येही नेमके हेच स्वर, याच क्रमानं. लॅटिन संस्कृतातून निघाली असेल तर एका 'अ'चे हे तीन वाटे केले कुणी?" मामानं पत्रिका उलटी करून मुहूर्त वाचला आणि म्हणाला, "जिलबी घे." नातेवाइकांत अजून सांगतो, भाची बिघडली.

पाठांतर, हां. व्युत्पत्ती कळली म्हणून रूपं आपोआप येत नाहीत, मीही घोकलीच. फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त. फेर्स, फेर्त, फेर्तिसमध्ये मधला स्वर नाही, तिथेच सगळे चुकतात. आज्ञार्थ नुसता 'फेर'. आणि ट्रान्सफर ('फेरो'वरून) व ट्रान्सलेशन ('लातुम'वरून) हे शब्द याच एका क्रियापदाचे, एवढं धरलं तरी 'लातुम' विसरणार नाही. घरात असा मामा असेल तर मात्र वाद 'ओक्तो'पासून सुरू करा. फेरोपासून केलात तर तो भरामिवरच तासभर बोलेल.