कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीवर) धातूचा थर दिला तर इलेक्ट्रॉन जास्त सुटतात का?

सुटतात ना, पण धातू कोणता अन् थर किती जाड त्यावर आहे सगळं. नॅनोट्यूबचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, 4.5 ते 5 इलेक्ट्रॉन व्होल्ट, सिझियम धातूचं 2.1 च्या आसपास, म्हणजे त्याचा थर दिला की इलेक्ट्रॉनला अडवणारी ऊर्जेची भिंत ठेंगणी होते अन् कमी व्होल्टेजवरच इलेक्ट्रॉन टनेल होऊन, म्हणजे भिंतीवरून न चढता तिच्या आरपार, बाहेर पडतात, 1928 चं फाउलर-नॉर्डहाइम समीकरण हेच सांगते. पण सिझियमला हवा लागली की खल्लास, म्हणून हाफ्नियम, टायटॅनियम बरे. अन् जाड थर देऊ नका भाऊ, नळीचं टोक संत्र्याच्या झाडाच्या काट्यासारखं अणकुचीदार असते म्हणून तर इलेक्ट्रिक फील्ड तिथं एकवटते, नागपुरात एम.एस्सी.ला असताना मी हौसेनं जाड टायटॅनियम चढवलं, टोकं बोथट झाली अन् करंट उलटा कमीच झाला, गाईडनं नुसतं पाहिलं माझ्याकडे.